फोडली कीं फुटली?

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक बरणी फुटली. बरणी म्हणजे चिनी मातीची, खालीं पांढरी व वर तपकिरी, जुन्या घरांतून फडताळाच्या तळाशीं असते ती. आमच्या मातोश्री लग्न होऊन या घरांत आल्या, त्या वर्षीं त्यांच्या माहेराहून कैरीच्या लोणच्यानें भरून ती आली होती. तेव्हांपासून साठांहून अधिक वर्षें ती घरांत नांदली. तिला वर्षांतून एकदां ऊन दाखवावें, तिच्या तोंडाला दादरा मातोश्रींनींच बांधावा व इतरांनीं तिला हात लावण्यापूर्वीं विचारावें, असा शिरस्ता होता.

ती फुटली आमच्या नव्या सूनबाईंच्या हातून. या सूनबाई इटलीच्या. आमचा पुतण्या तुरिन शहरीं शिकावयास गेला, तेथेंच नोकरीस राहिला व तेथेंच त्यानें लग्न केलें. मुलगी मोठी गुणी. सासरच्या मंडळींशीं त्यांच्याच भाषेंत बोलतां यावें म्हणून इंग्रजीमधून मराठी शिकविणारें एक पुस्तक घेऊन तिनें वर्षभर अभ्यास केला होता. बरणी फुटल्याचा आवाज ऐकून आम्ही सर्व स्वयंपाकघरांत धांवलों, तों ती तेलांत आणि तुकड्यांत उभी. मातोश्रींना पाहतांच ती सरळ उभी राहिली आणि एकेक शब्द जपून उच्चारीत म्हणाली, "आजी, मी बरणी फोडली."

कोणी कांहीं बोललें नाहीं. मातोश्री मुकाट्यानें देवघरांत जाऊन बसल्या. वहिनींना बरणी गेल्याचें दुःख नव्हतें असें नाहीं, पण त्याहून त्या शब्दाचें अधिक होतें. "फुटली म्हणाली असती तर कोण काय बोलणार होतें? फोडली म्हणते, आणि तीही ताठ मानेनें!" असा त्यांचा आक्षेप. पुतण्या मध्यें पडावयास गेला, तर बायकोची बाजू घेतो म्हणून त्यालाच ऐकून घ्यावें लागलें. मुलीला घरांत कांहीं तरी बिनसल्याचें कळत होतें. काय बिनसलें तें मात्र कळत नव्हतें.

नोकरीनिमित्त आम्हीं पूर्वीं दोन वर्षें इटलींत काढलीं असल्यामुळें आम्हांला ती भाषा थोडीबहुत अवगत आहे. संध्याकाळीं आम्ही तिला एकीकडे बोलावून विचारलें, "आजींना तुला काय सांगावयाचें होतें, तें तुझ्या भाषेंत सांग पाहूं." ती म्हणाली, "मी सी ए रोत्तो इल वाझो." हें वाक्य ऐकतांच आमच्या ध्यानांत आलें कीं, या मुलीच्या मनांत जें होतें तें शब्दशः मराठी होतें, मधल्या इंग्रजीनें तें बिघडविलें. त्या वाक्यांतील 'सी' हा शब्द एवढासा, पण सगळ्या इटालियन भाषेचें मर्म त्यांत सांठविलेलें आहे. त्याचीच हकीकत या महिन्याच्या सदरांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इटालियनमध्यें धुणें या अर्थीं 'लावारे' हें क्रियापद आहे. सदरा धुवा, भांडें धुवा, मुलाचें तोंड धुवा, 'लावारे' चालतें. पण धुण्याची क्रिया करणाऱ्याच्याच अंगावर येत असेल, तर शेवटचा स्वर जाऊन तेथें 'सी' चिकटतो व 'लावार्सी' असें रूप होतें. म्हणजे स्वतःला धुणें, अंग धुणें. 'वेस्तीरे' म्हणजे दुसऱ्यास कपडे घालणें, 'वेस्तीर्सी' म्हणजे आपण कपडे करणें. 'क्यामारे' म्हणजे हांक मारणें. 'क्यामार्सी' म्हणजे स्वतःला हांक मारणें, आणि इटालियन मनुष्य आपलें नांव याच क्रियापदानें सांगतो. आपण "मला अमुक म्हणतात" असें म्हणतों, तो "मी स्वतःला अमुक म्हणतों" असें म्हणतो. अशा क्रियापदांना मराठी व्याकरणाच्या परिभाषेंत आत्मवाचक म्हणावयास हरकत नाहीं.

आतां हा 'सी' सगळ्या पुरुषीं सारखा राहत नाहीं. "मला" याबद्दल 'मी', "तुला" याबद्दल 'ती', "आम्हांला" याबद्दल 'ची', "तुम्हांला" याबद्दल 'वी', आणि तृतीय पुरुषीं, मग तो असो, ती असो वा ते असोत, 'सी'. "मी लावो, ती लावी, सी लावा, ची लाव्यामो, वी लावाते, सी लावानो." हें ऐकून आमच्या घरच्या मुलांची हंसतां हंसतां पुरेवाट झाली, आणि दोन दिवस तीं हें पाढ्यासारखें म्हणत हिंडत होतीं. मराठी कानाला येथें खरोखरच चकवा आहे. "मी लावो" यांतील 'मी' हा आपला कर्ता 'मी' नव्हे. तो "मला" आहे. "ती लावी" यांतील 'ती' कोणी बाई नसून "तुला" आहे. कर्त्याला इटालियनमध्यें 'ईयो' असा निराळा शब्द आहे, पण तो बहुधा गाळतात. कारण क्रियापदाच्या शेवटच्या ओकारावरूनच बोलणारा कोण तें कळतें. आपण तरी "धुतों" एवढें म्हटल्यावर "मी" म्हणण्याची वाट कोठें पाहतों?

मराठीनें ही सहा रूपांची यातायात ठेविली नाहीं. मी आपलें काम करतों, तूं आपलें काम कर, तो आपलें काम करतो. 'आपण' हा एकच शब्द सर्वांच्या कामीं येतो. हा संस्कृत 'आत्मन्' शब्दाचा वंशज, प्राकृतांतील 'अप्पा' या रूपांतून आलेला. इटालियन 'सी' लॅटिनमधील 'से' पासून निघाला, आणि तो 'से' व आपल्या संस्कृतांतील 'स्व' हे एकाच मुळाचे आहेत असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे दूरच्या नात्यानें हा 'सी' आपल्या 'स्वतः'चा चुलत भाऊ लागतो. अशीं नातीं प्रथम ज्यांच्या ध्यानांत आलीं त्यांत एक इटालियन गृहस्थ होता, आणि त्याचा संबंध आपल्या गोव्याशीं आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोचीन व गोवें येथें राहिला. देव व 'दीओ', सर्प व 'सेर्पे', सप्त व 'सेत्ते', अष्ट व 'ओत्तो', नव व 'नोवे' हे शब्द एकमेकांशीं किती जुळतात, हें त्यानें मायदेशीं धाडलेल्या पत्रांतून लिहून ठेविलें. १५८८ सालीं तो गोव्यांतच वारला. सर विल्यम जोन्स यांचें या विषयावरील सुप्रसिद्ध भाषण १७८६ सालचें, म्हणजे त्यानंतर जवळजवळ दोनशें वर्षांचें. मिऱ्यांच्या भावावर नजर ठेवून हिंडणाऱ्या माणसाला हें सुचावें, आणि आपल्याकडील पंडितांना शेजारीं पोर्तुगीज बोलणारे असतांना सुचूं नये, याचें आम्हांला नेहमीं वाईट वाटतें.

पण मूळ विषयाकडे वळूं. इटालियन आत्मवाचकाचा खरा विस्तार अंग धुण्यांत व कपडे करण्यांत नाहीं. तो पुढील गोष्टींत आहे, आणि बरणीचें कोडें येथेंच उलगडतें.

मराठींत "उठणें" हें मूळ क्रियापद आहे. दुसऱ्यास उठावयास लावणें असेल तर त्याला 'व' जोडून "उठविणें" करावयाचें. तसेंच निजणें व निजविणें, बसणें व बसविणें, थांबणें व थांबविणें. आपोआप होणारी क्रिया ही आमची मूळ, आणि दुसऱ्याकडून घडविलेली ही साधलेली. इटालियनचा प्रवास याच्या नेमका उलट. 'आल्त्सारे' म्हणजे उचलणें, उठविणें, हें तेथें मूळ. आपण उठावयाचें तर स्वतःला उठवावें लागतें, म्हणून 'आल्त्सार्सी'. 'आद्दोर्मेंतारे' म्हणजे निजविणें. झोंप लागणें म्हणजे 'आद्दोर्मेंतार्सी', स्वतःला निजविणें. 'फेर्मारे' म्हणजे थांबविणें, 'फेर्मार्सी' म्हणजे थांबणें. आम्ही आधीं निजतों व मग शब्द वाढवून मुलाला निजवितों. इटालियन आई आधीं मुलाला निजविते व मग शब्द वाढवून आपण निजते. कोणत्या घरची रीत चांगली याचा निर्णय वाचक भगिनींनींच करावा.

निर्जीव वस्तूंचेंही तसेंच. 'आप्रीरे' म्हणजे उघडणें. दार वाऱ्यानें उघडलें तर "ला पोर्ता सी आप्रे", दार स्वतःला उघडतें. 'रोम्पेरे' म्हणजे फोडणें, मोडणें. वस्तू फुटली तर ती 'सी' घेऊन फुटते. म्हणजे जेथें आम्ही फोडणें व फुटणें, तोडणें व तुटणें, सोडणें व सुटणें असे स्वर बदलून जोड शब्द करतों, तेथें इटालियन मनुष्य एकाच शब्दापुढें 'सी' ठेवितो किंवा काढितो. या 'सी'त बरणीनें खरोखर स्वतःला कांहीं केलें असा अर्थ नाहीं. कर्ता कोण याचा विचार बाजूस ठेवून घडलेली गोष्ट तेवढी सांगण्याचें तें साधन आहे. इंग्रजीला हें दोन्हीकडचें काम एकाच शब्दांत भागवितां येतें, आणि त्यामुळेंच इंग्रजी पुस्तकांतून दुसरी भाषा शिकणाऱ्याला ठेंच लागते.

आतां सूनबाईंचें वाक्य पाहा. "मी सी ए रोत्तो इल वाझो." 'सी ए रोत्तो इल वाझो' म्हणजे बरणी फुटली. आरंभींचा 'मी' म्हणजे मला. बरणी फुटली खरी, पण तिच्या फुटण्याशीं माझा संबंध आहे, तें माझ्याकडून झालें, त्याचा भार माझ्यावर आहे, एवढें सगळें तो एक 'मी' सांगतो. यांत बुद्ध्या फोडल्याचा उद्दामपणा नाहीं, आणि मी तेथें नव्हतेंच असा कानावर हात ठेवण्याचा प्रकारही नाहीं. मराठींत याला तंतोतंत शब्द आहेत: "माझ्या हातून बरणी फुटली." आमच्या 'हातून'चें जें काम, तेंच त्यांच्या 'मी'चें.

मग ती असें कां म्हणाली नाहीं? तिनें दिलेलें उत्तर आम्ही विसरणार नाहीं. तिच्या पुस्तकांत 'हातून' हा प्रयोग कोठेंच नव्हता. दोनच शब्द होते: फोडणें, आणि त्याच्यापुढें, 'आपोआप' असा अर्थ देऊन, फुटणें. ती म्हणाली, "काका, मी हातांत धरलेली बरणी आपोआप फुटली असें आजींच्या तोंडावर कसें सांगूं? तें खोटें झालें असतें." म्हणजे वहिनींना जो उद्धटपणा वाटला, तो त्या मुलीच्या लेखीं वडिलधाऱ्यांपुढें अपराध कबूल करण्याचा विनय होता. दोन शब्दांपैकीं जो स्वतःवर अधिक दोष घेणारा, तो तिनें जाणूनबुजून निवडला.

याप्रसंगीं आम्हांला आमच्या बोलण्याविषयींही एक शंका आली, ती येथें नमूद करतों. इटालियन मनुष्य नकळत फुटलेल्या वस्तूबद्दल "मीं फोडली" अशा धर्तीचें वाक्यही सहज बोलतो व कोणी रागावत नाहीं. आपल्याकडे 'फोडली' हा शब्द बहुधा दुसऱ्याकरितां राखून ठेवलेला असतो. मोलकरणीनें कप फोडला, कार्ट्यानें पाटी फोडली, आणि आमच्या हातून मात्र बशी फुटली! हें व्याकरण आम्हांला कोणी शिकविलें नाहीं, पण पांच वर्षांच्या मुलालाही तें पाठ असतें.

आम्हीं हें सारें मातोश्रींना जाऊन सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व मुलीला जवळ बोलाविलें. "माझ्या हातून फुटली, असें म्हण," असें सांगून तें तिच्याकडून तीनदां म्हणवून घेतलें. तिसऱ्या वेळीं मुलीचा गळा दाटून आला, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "पुरे. बरणीचें एवढें नाहीं गं. लोणचें छान मुरलें होतें."

त्यानंतरच्या आठ दिवसांत आमच्या घरीं इटालियन व मराठी यांची जी अदलाबदल चालली, तिच्यांतील कांहीं गमती सांगण्याजोग्या आहेत.

हात धुणें घ्या. "मी लावो ले मानी," म्हणजे शब्दशः "मला हात धुतों". हात कोणाचे हें 'मी'वरून कळतें, म्हणून 'माझे' हा शब्द ते घालीत नाहींत. इंग्रजीला येथें 'माझे हात' म्हटल्यावांचून गत्यंतर नाहीं. मराठींतही "हात धू आणि पानावर बस" असेंच म्हणतात. "तुझे हात धू" असें कोणी म्हणूं लागला तर ऐकणारा त्याच्या शाळेची चौकशी करील. आतां 'मी' दिसला कीं आत्मवाचक क्रियापद आलें असें मात्र समजूं नये. "मी प्याचे" म्हणजे "मला आवडतें". येथला 'मी' साधा चतुर्थीचा आहे, आणि आवडणारी वस्तू हाच कर्ता, थेट मराठीसारखा. इंग्रजीची संवय झालेल्यांना हें वाक्य उलटें वाटतें. आमच्या सूनबाईंना "मला पुरणपोळी आवडते" हें शिकवावें लागलें नाहीं.

भूतकाळांत एक नियम ध्यानांत ठेवावा लागतो. साध्या सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ 'आवेरे' या, जवळ असणें या अर्थाच्या, क्रियापदाच्या साह्यानें होतो. आत्मवाचकाचा मात्र 'एस्सेरे' या, असणें या अर्थाच्या, क्रियापदानें. आणि मग रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणें फिरतें. पुरुष "मी सोनो आल्त्सातो" म्हणेल, स्त्री "मी सोनो आल्त्साता". मी उठलों, मी उठलें. हें आम्हीं सांगतांच वहिनींना त्या भाषेविषयीं प्रथमच आपुलकी वाटली; इंग्रजींत बोलणारा पुरुष कीं बाई हें कळत नाहीं ही त्यांची जुनी तक्रार आहे.

'सी'चा दुसरा एक उपयोग परस्परांविषयींचा. "ची वेदियामो" म्हणजे "आपण एकमेकांस पाहूं", आणि निरोप घेतांना हेंच म्हणतात; आपलें "बरें, भेटूं". पण येथें एक संदिग्धता राहते. 'लोदारे' म्हणजे स्तुती करणें. "सी लोदानो" म्हटलें तर ते स्वतःची स्तुती करतात कीं एकमेकांची, हें त्या दोन शब्दांवरून ठरत नाहीं. खुलाशासाठीं आणखी शब्द जोडावे लागतात. आमच्या साहित्यिक मंडळांविषयीं लिहितांना हा प्रयोग फार सोयीचा पडेल.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांना आतांपर्यंत आत्मनेपदाची आठवण झालीच असेल. डॉ. भांडारकरांची मार्गोपदेशिका घोकतांना परस्मैपद व आत्मनेपद हीं नांवें आपण सर्वांनीं पाठ केलीं, पण नांवाच्या अर्थाकडे कितीजणांनीं पाहिलें? कांहीं धातू दोन्ही पदीं चालतात, आणि पाणिनीच्या मतें त्यांत भेद आहे: क्रियेचें फळ करणाऱ्याकडेच येत असेल तर आत्मनेपद. दुसऱ्यासाठीं रांधणारा तो 'पचति', स्वतःसाठीं रांधणारा 'पचते'. ऋत्विज 'यजति', आणि ज्याच्या पुण्यासाठीं यज्ञ चालला आहे तो 'यजते'; म्हणूनच त्याला 'यजमान' म्हणावयाचें, कारण 'मान' हा प्रत्यय आत्मनेपदाचा. लॅटिनमध्येंही अशीं क्रियापदें होतीं, रूप कर्मणीसारखें व अर्थ कर्तरी. त्यांतील 'सेक्वितुर्' (मागून जातो) व वेदांतील 'सचते' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. लॅटिनची ती जुनी प्रत्ययव्यवस्था पुढें ढांसळली, आणि लोकांच्या बोलण्यांत तिचें बरेंचसें काम या चिमुकल्या 'से'नें उचललें. आमच्याकडेही प्राकृतांत आत्मनेपद हळूहळू नाहींसें झालें. पण गरज नाहींशी होत नाहीं. इटालियन मनुष्य सफरचंद चवीनें खातो तेव्हां "मी मांज्यो ऊना मेला" म्हणतो. ('मेला' म्हणजे सफरचंद, मुलांनीं या शब्दाचें काय केलें असेल तें सांगावयास नकोच.) 'मी' काढला तरी वाक्य पुरें आहे, तो घातला कीं "आपल्यासाठीं, मजेनें" ही छटा येते. मराठी माणूस हीच छटा 'घेणें' या क्रियापदानें आणतो. "जेवून घे," "लिहून घेतलें," "हंसून घ्या." दुसऱ्यासाठीं असेल तर "लिहून दिलें." पाणिनीचा भेद आमच्या स्वयंपाकघरांत आजही जिवंत आहे, फक्त त्याचें नांव कोणी घेत नाहीं.

मनाच्या विकारांच्या बाबतींत मात्र दोन भाषांचे स्वभाव वेगळे दिसले. इटालियनमध्यें 'पेंतीर्सी' म्हणजे पश्चात्ताप पावणें, 'वेर्गोन्यार्सी' म्हणजे लाजणें, 'आर्राब्ब्यार्सी' म्हणजे रागावणें. यांपैकीं पहिलीं दोन 'सी'वांचून आजच्या बोलण्यांत चालतच नाहींत. दुसऱ्याला कोणी 'पेंतीरे' करूं शकत नाहीं, पश्चात्ताप ज्याचा त्यानेंच करावयाचा. तिसऱ्याच्या पोटांत 'राब्ब्या' हा शब्द आहे, आणि त्याचे अर्थ दोन, संताप आणि कुत्र्याचें पिसाळणें; आमच्या 'पिसाळला'सारखाच. आम्ही रागावतों व लाजतों हें खरें, पण त्याहून पुष्कळदां आम्हांला राग येतो, लाज वाटते, पश्चात्ताप होतो. जणूं कांहीं राग हा बाहेरून येणारा पाहुणा, आणि आम्ही फक्त दार उघडून उभे. मौज अशी कीं, जुन्या लॅटिनमध्यें हुबेहूब हीच तऱ्हा होती: लाज व पश्चात्ताप यांची क्रियापदें अकर्तृक होतीं आणि माणूस तेथें कर्मच्या जागीं उभा असे. त्याच शब्दापासून निघालेल्या इटालियन 'पेंतीर्सी'मध्यें माणूस कर्ता झाला. दान्तेच्या महाकाव्याचा आरंभ वाट चुकून अरण्यांत सांपडण्यानें होतो. तेथेंही कवीनें दुसऱ्याच ओळींत 'रित्रोवार्सी', म्हणजे स्वतःला कोठें तरी आढळणें, हें क्रियापद योजिलें आहे. आम्ही वाट चुकलों तर अरण्यच आम्हांला लागतें.

'सी'चा आणखी एक उपयोग कर्ता मुळींच न सांगण्याचा. "सी दीचे" म्हणजे "असें म्हणतात". कोण म्हणतें? सगळे, कोणीच नाहीं. घरांतलें वळण लावण्यास हा प्रयोग फार उपयोगी पडतो. मुलानें कांहीं वावगें केलें कीं इटालियन आजी म्हणते, "नोन सी फा", वावगें बोललें कीं "नोन सी दीचे". असें करायचें नसतें, असें बोलायचें नसतें. मी मनाई करतें असें ती म्हणत नाहीं, तूं करूं नकोस असेंही म्हणत नाहीं. जगाची रीतच तशी आहे, तेथें तुझें माझें काय चालणार? आणि आत्मवाचक क्रियापदाला हा दुसरा 'सी' लावण्याचा प्रसंग आला, तर 'सी सी' असें कानाला खुपणारें जोडपें होऊं नये म्हणून पहिल्याचा 'ची' करतात. "ची सी लावा ले मानी", जेवणापूर्वीं हात धुवायचे असतात. मातोश्रींना हें वाक्य इतकें आवडलें कीं, पाटावर बसणाऱ्या प्रत्येक नातवाला त्या तें ऐकवूं लागल्या. आल्यागेल्याला "सी आक्कोमोदी" म्हणावयासही त्या शिकल्या. हा आदरार्थी प्रयोग आहे. समोरच्या माणसाशीं तृतीय पुरुषांत बोलावयाचें, "आपण बसावें" म्हणतों तसें. बरोबरीच्या माणसाला "आक्कोमोदाती" पुरतें. दूधवाल्याला कोणतें म्हणावें यावर मातोश्रींनीं विचार करून पहिलेंच ठरविलें. त्या इटालियन शब्दाला दूधवाला रोज दचकत असे.

शेवटीं एक प्रयोग राहिला. 'आंदारे' म्हणजे जाणें. पण एखाद्या ठिकाणाहून आपली पाठ फिरवून निघावयाचें असेल, तर "मे ने वादो" म्हणतात. 'ने' म्हणजे येथून, आणि 'मे' म्हणजे पुन्हां तोच 'मी', दुसऱ्या अव्ययापूर्वीं थोडा बदललेला. जाण्यांत स्वतःला काय करावयाचें असतें? कांहींच नाहीं. तरी तो शब्द तेथें बसतो, आणि त्यानें वाक्याला एक प्रकारची अलिप्तता येते. या 'मे'चें मराठी भाषांतर आम्हांला पुष्कळ दिवस सांपडत नव्हतें. तें सूनबाईंनींच आमच्या बोलण्यांतून शोधून काढलें. "मी आपला निघालों," "तो आपला गप्प बसला," "आम्ही आपले चाललों" यांतील 'आपला' कशाचा आहे, असें तिनें विचारलें, आणि आम्हांला उत्तर देतां येईना. तो मालकीचा नव्हे, आदराचा नव्हे. मग तिचें तीच म्हणाली, "हा आमचाच शब्द आहे, काका."

त्या दोघांच्या परतीचा दिवस आला. सामान गाडींत चढलें. मातोश्रींनीं आपल्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून दुसरी एक लहान बरणी तिच्या हातांत दिली. तींत लोणचें नव्हतें, कारण विमानांत तेल नेण्याची भीति. मुलीनें वांकून नमस्कार केला व नव्यानें मिळालेला शब्द वापरण्याच्या उत्साहांत म्हणाली, "आजी, मी आपली जातें."

वहिनी चटकन् पुढें झाल्या. "जातें म्हणूं नये गं. येतें म्हणावें."

"नोन सी दीचे?" मुलीनें विचारलें.

"नोन सी दीचे," मातोश्री म्हणाल्या.